उपकेंद्रात कुणाचं काम कुणाचं? नोंदी, लस, औषधं आणि कापला जाणारा मोबदला

शिवारवाट :

आरोग्य उपकेंद्रांतल्या दर भरतीनंतर तेच प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत येतात, उत्तरंही येतात आणि दोन दिवसांत ‘शुभ सकाळ’च्या फुलांखाली गाडली जातात. म्हणून हा धागा. सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), सिस्टर (आरोग्यसेविका), एमपीडब्ल्यू (बहुउद्देशीय आरोग्यसेवक), गावातल्या आशा स्वयंसेविका, त्यांच्या गटप्रवर्तक, सगळ्यांनी लिहावं. गाऱ्हाणी लिहायला हरकत नाही, पण सोबत उपायही लिहा.

आधी चौकट, म्हणजे बोलताना गोंधळ नको. उपकेंद्र सपाट भागात ५,००० लोकसंख्येला आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० ला. पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, अनुक्रमे ३०,००० आणि २०,००० ला. २०१८ मध्ये आयुष्मान भारत आलं तेव्हा उपकेंद्राला आरोग्यवर्धिनी म्हणायला लागलो, नोव्हेंबर २०२३ मध्ये पाटीवर आयुष्मान आरोग्य मंदिर आलं. पाटी सोडा, बदललं ते काम. पूर्वी उपकेंद्र म्हणजे माता, बाळ आणि लस. आता १२ प्रकारच्या सेवा: बीपी-शुगर, तीन कर्करोगांची तपासणी, मानसिक आरोग्य, वृद्धांची काळजी, डोळे, कान-नाक-घसा, दात, सगळं त्यात आलं. औषधांची यादी उपकेंद्राला १०५ ची आणि पीएचसीला १७२ ची. तपासण्या उपकेंद्रात १४, पीएचसीत ६३.

काम दुपटी-तिपटीने वाढलं, माणूस वाढला एकच, सीएचओ. त्यामुळे कुणी काय करायचं यावरूनच निम्मी भांडणं. तिथून सुरुवात करू.

दुपारची_ओपीडी :

भांडणाचं मूळ साधं आहे. मार्गदर्शक सूचनांत सीएचओ हा उपकेंद्राच्या चमूचा प्रमुख. प्रत्यक्षात तो एनएचएमचा (राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा) कंत्राटी, वयाने लहान. सिस्टर जिल्हा परिषदेच्या कायम सेवेतल्या, गावाला पंधरा वर्षं ओळखणाऱ्या. ‘मी प्रमुख आहे’ असं पहिल्या आठवड्यात बोललात तर पुढची दोन वर्षं चहासुद्धा वेगळा होतो.

तोंडी वाटणी टिकत नाही. एमओंच्या (पीएचसीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या) मासिक सभेत एका पानावर लिहून, सह्या करून भिंतीला लावा. साधारण अशी बसते:

सीएचओ: रोजची ओपीडी, बीपी-शुगरचे रुग्ण आणि त्यांचं महिन्याचं औषध, टेलिकन्सल्टेशन (दूरून डॉक्टरांचा सल्ला), औषधसाठा, जन आरोग्य समितीचं सचिवपद, आरोग्यवर्धक सत्रं. सिस्टर: गरोदर माता, प्रसूती, लसीकरण, कुटुंब नियोजन आणि त्यांच्या नोंदी. एमपीडब्ल्यू: ताप सर्वेक्षण, रक्तनमुने, पाणी नमुने, साथीची नोंद, क्षयरोग-कुष्ठरोगाचा पाठपुरावा. आशा: घरभेटी, ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म (आजाराचा धोका तपासणारी प्रश्नावली), लसीकरणाची ड्यू लिस्ट (लस देय असलेल्यांची यादी).

ज्या ठिकाणी एमपीडब्ल्यूचं पद रिकामं आहे तिथे हे काम आपोआप कुणाच्या तरी अंगावर पडतं. त्या कामासमोर नाव न लिहिता ‘रिक्त, तात्पुरतं अमुककडे, अमुक तारखेपर्यंत’ असं लिहून घ्या. कधीपर्यंत ते लिहिलं नाही तर ते काम कायमचं तुमचं होतं.

चावडीवरचा :

+१. आणखी एक गोष्ट. लसीकरणाच्या दिवशी सीएचओने ओपीडी चालू ठेवून सिस्टरला एकटं सोडायचं की दोघांनी सत्रावर जायचं? आमच्या तालुक्यात रोज वेगळा आदेश.

दुपारची_ओपीडी :

सत्र उपकेंद्रातच असेल तर प्रश्नच नाही, दोघंही तिथेच. बाहेरगावी असेल तर सिस्टर आणि आशा जातात, सीएचओ केंद्र उघडं ठेवतो. दर गुरुवारी केंद्र बंद दिसलं की बीपीचे म्हातारे परत जातात आणि ते पुन्हा येत नाहीत. मात्र तीसपेक्षा जास्त बाळं ड्यू असतील तर केंद्रावर पाटी लावून दोघांनी जावं, आणि ती पाटी आदल्या दिवशी लावावी.

आकडेमोड :

आता मोबदल्यावर येतो, कारण धाग्याच्या नावात तोच शेवटी असला तरी सगळे तोच शोधत आलेले असणार.

आपल्याकडे सीएचओला ठरलेलं मानधन २५,००० आणि त्यावर कामावर आधारित मोबदला जास्तीत जास्त १५,०००. दुसरा भाग निर्देशांकांवर: ओपीडी, गरोदर मातांची लवकर नोंदणी, लसीकरण, बीपी-शुगरचा पाठपुरावा, टेलिकन्सल्टेशन, क्षयरोग, आरोग्यवर्धक सत्रं वगैरे. दावा तुम्ही भरता, पडताळणी एमओ करतात. काम न केल्यामुळे कापला गेला असं फार कमी वेळा होतं. नेहमीची तीन कारणं सांगतो.

पहिलं, छेद. टक्केवारी काढताना वर तुमचं काम असतं आणि खाली लोकसंख्या. ती २०११ च्या जनगणनेवरून पुढे ओढलेली. ५,००० लोकसंख्येत ३० वर्षांवरचे ३७ टक्के धरतात, म्हणजे १,८५०. कोकणातल्या वाडीत प्रत्यक्षात घरं कुलूपबंद, माणसं मुंबईला. गणपतीत आणि शिमग्यात दिसतात तेवढीच. तुम्ही असलेल्या सगळ्यांची तपासणी केलीत तरी टक्केवारी ६० वर अडकते. उपाय: एप्रिलमध्ये आशांचं कुटुंब सर्वेक्षण पूर्ण करून गावनिहाय तक्ता (एकूण, ३० वरचे, स्थलांतरित, मयत) एमओंच्या सहीने तालुक्याला आवक क्रमांकासह द्या. ऑक्टोबरमध्ये दिलात तर अर्धं वर्ष गेलेलं असतं.

उलटाही घोटाळा आहे. गणपतीत आलेल्या चाकरमान्यांची हौसेने तपासणी करून इथे नोंदवलं, की पाठपुराव्याच्या यादीत ते वर्षभर ‘आले नाहीत’ म्हणून लाल दिसतात. त्यांना तपासा जरूर, पण राहण्याचा पत्ता विचारून मग नोंदवा.

दुसरं, अडकलेली नोंद. बीपी जास्त आलं, तुम्ही पीएचसीला पाठवलं, रुग्ण गेला, गोळी सुरू झाली. पण पीएचसीच्या लॉगिनमधून निदान पक्कं केलंच नाही. मग तुमच्याकडे तो ‘संदर्भित’ म्हणूनच राहतो, ‘उपचारावर’ मध्ये जात नाही. वीस-पंचवीस असे असले की निर्देशांक पडतो. दर पंधरवड्याला अशा नावांची यादी काढा आणि पीएचसीतल्या डेटा ऑपरेटरसोबत बसून अर्ध्या तासात उडवा. फोनवर होत नाही, समोर बसावं लागतं.

तिसरं, महिनाअखेर. २९-३० तारखेला सगळा जिल्हा एकदम नोंदी करायला बसतो आणि चकती फिरत राहते. ज्या दिवशी काम त्याच दिवशी नोंद, नाहीतर किमान २५ ला तुमचा महिना संपला असं समजा.

शिवारवाट :

पडताळणीसाठी कागद काय जपायचे तेही लिहा ना.

आकडेमोड :

ओपीडी रजिस्टर, औषध वाटप रजिस्टर आणि टेलिकन्सल्टेशनचा क्रमांक. हे तीन एकमेकांशी जुळले पाहिजेत. ओपीडीत ४२ नावं, वाटपात ६० सह्या, असं निघालं तर पडताळणारा पुढचं काही वाचतच नाही. आरोग्यवर्धक सत्राला फक्त फोटो चालत नाही, हजेरीची सही किंवा अंगठा हवा. आणि दावा भरल्यावर पडद्याचा फोटो काढून ठेवा. नंतर ‘तुम्ही भरलंच नाही’ म्हटलं तर दाखवायला तेवढंच असतं.

शीतपेटी :

लसीकडे वळतो. यात चुका जास्त होतात आणि दिसत नाहीत, हे वाईट.

लस वाया जाते ती उन्हाने, असं आपल्याला वाटतं. पण पेंटा (पाच आजारांवरची), टीडी (धनुर्वात-घटसर्पाची), पीसीव्ही (न्यूमोनियाची), हिपॅटायटिस बी, आयपीव्ही (पोलिओचं इंजेक्शन) या लसी गोठल्या की गेल्याच, आणि बाहेरून कुपी सरळ चांगली दिसते. कुपीवरचा व्हीव्हीएम, म्हणजे रंग बदलणारी खूण, उष्णतेची नोंद ठेवतो, गोठल्याची नाही. म्हणजे चौकोन पांढराशुभ्र आणि लस निकामी, असं होऊ शकतं.

हे होतं कुठे? सकाळी साडेसात वाजता, घाईत. डीप फ्रीझरमधून आइसपॅक काढले आणि टाकले सरळ व्हॅक्सिन कॅरियरमध्ये. तो पॅक उणे १५ ते उणे २५ अंशांवरून आलेला असतो. पेंटाची कुपी त्याला टेकली की सत्राच्या गावी पोचेपर्यंत खेळ खलास.

बरोबर पद्धत अशी. चारही पॅक टेबलावर वेगवेगळे मांडा, एकावर एक नको. वरचं पांढरं दव जाऊ द्या, पॅकला घाम येऊ द्या. मग कानाशी धरून हलवा. आत पाण्याचा खुळखुळ आवाज आला की पॅक तयार. उन्हाळ्यात लवकर होतं, डिसेंबरात महाबळेश्वर-तोरणमाळकडे बराच वेळ लागतो, म्हणून घड्याळ लावू नका, आवाज ऐका. चार भिंतींना चार पॅक, मधे कुपी आणि डायल्युएंट (लसीची भुकटी विरघळवायचं द्रव) प्लास्टिकच्या पिशवीत, वर फोम, झाकण घट्ट. पॅक भरताना नळाचं साधं पाणी, खुणेपर्यंतच. गळ्यापर्यंत भरलात तर गोठताना फुगतो, भेग पडते आणि सत्रावर पिशवीत पाणी. मीठ घालू नका, तापमान आणखी खाली जातं.

सत्रावर एक पॅक बाहेर काढून त्याच्या खळग्यात बीसीजी (क्षयरोगाची लस) आणि एमआरच्या (गोवर-रुबेलाची लस) उघडलेल्या कुप्या ठेवायच्या. बाकीच्या आतच.

नव्या_सिस्टर :

उघडलेली कुपी परत आणायची की टाकायची यावर आमच्याकडे दोन मतं आहेत. कृपया नीट सांगा.

शीतपेटी :

सिस्टर, दोन गट करा डोक्यात.

परत वापरता येणाऱ्या: डीपीटी, टीडी, पेंटा, हिपॅटायटिस बी, पीसीव्ही, आयपीव्ही, पोलिओ थेंब. उघडल्यापासून २८ दिवसांपर्यंत. अटी मात्र सगळ्याच पाळायच्या: मुदत संपलेली नाही, व्हीव्हीएमचा आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका आहे, कुपी पूर्ण वेळ २ ते ८ अंशांत होती, गोठलेली नाही, आणि तिचं रबराचं झाकण पाण्यात बुडालेलं नाही. पॅक फुटून पिशवीत पाणी झालं असेल तर त्यातली उघडी कुपी बाद. लेबलवर उघडल्याची तारीख आणि वेळ पेनने लिहा. तारीख नसेल तर ती कुपीही बादच धरायची, ‘परवाच उघडली होती’ चालत नाही.

परत न वापरायच्या: बीसीजी आणि एमआर. डायल्युएंट मिसळल्यापासून ४ तास किंवा सत्र संपेपर्यंत, जे आधी होईल ते. यांत जंतूवाढ रोखणारं काही नसतं, म्हणून चार तासांनंतर धोका लसीचा नाही, कुपीत वाढलेल्या जंतूंचा असतो. सत्रानंतर त्या परत नेऊन ‘वापरायच्या नाहीत’ अशा वेगळ्या डब्यात ४८ तास किंवा पुढच्या सत्रापर्यंत ठेवा, कुठे प्रतिकूल घटना झाली तर तपासायला लागतात. मग विल्हेवाट.

डायल्युएंट त्याच कंपनीचं, त्याच लसीचं, आणि २४ तास आधीपासून थंड केलेलं. डिस्टिल्ड वॉटर हाताशी आहे म्हणून वापरायचं नाही, कधीच नाही.

नव्या_सिस्टर :

आणि एमआरला एकच बाळ आलं असेल तर?

शीतपेटी :

उघडा. धोरण स्पष्ट आहे, एका बाळासाठीही कुपी उघडायची. ‘पुढच्या महिन्यात या’ म्हटलेलं बाळ गोवराची साथ आल्यावर यादीत सापडतं. वाया गेलेल्या डोसचा जाब विचारला तर टॅली शीटवर ‘१ लाभार्थी, ४ तासांनी बाद’ एवढं लिहिलेलं पुरतं. वाया जाणं कमी करायचंच असेल तर ड्यू लिस्टवर काम करा. नऊ महिन्यांची बाळं दोन गावांची मिळून एका सत्राला बोलावता येतात का ते आशाताईंना आदल्या दिवशी विचारा.

नऊ महिन्यांचं बाळ आलं की काय काय ते पण लिहून टाकतो, यात आयपीव्ही राहून जाते. एमआर उजव्या दंडात कातडीखाली ०.५ मिली. पीसीव्हीचा बूस्टर मांडीत. आयपीव्हीचा तिसरा अंश-डोस ०.१ मिली डाव्या दंडात, कातडीत. हा २०२३ पासून वाढला, जुन्या कार्डांवर त्याचा रकानाच नाही, म्हणून विसरतो. आणि व्हिटॅमिन ए १ लाख युनिट. दिल्यावर अर्धा तास थांबवायचं, ‘गाडी जाईल’ म्हणाले तरी.

माहेरवाट :

यू-विनमध्ये (लसीकरणाच्या ऑनलाइन नोंदीत) सत्र आधी तयार नसेल तर नोंद करता येत नाही, हे नवीन लोकांना सांगा. सूक्ष्म नियोजनाप्रमाणे सत्र टाकलंय का आणि तुमचं नाव लसटोचक म्हणून जोडलंय का हे दोन दिवस आधी बघा. आणि बाळ नवीन नोंदवण्यापूर्वी आईच्या मोबाइल क्रमांकाने शोधा. मुलगी बाळंतपणाला माहेरी येते, तिथे एक नोंद होते. सव्वा महिन्यानंतर किंवा तीन महिन्यांनी सासरी जाते, तिथे दुसरी. दोन्ही गावांत तेच बाळ ‘पेंटा-२ राहिलं’ म्हणून बोंबलत राहतं.

गरोदरपणाचंही तेच. सासरी आठव्या आठवड्यात नोंद झालेली बाई सातव्या महिन्यात माहेरी येते. माहेरच्या सिस्टरने आरसीएच क्रमांक (गरोदर मातेचा ऑनलाइन नोंदणी क्रमांक) न विचारता नवीन नोंद केली की इकडे १२ आठवड्यांनंतरची उशिरा नोंदणी दिसते आणि तिकडे प्रसूतीचा निकाल कोरा राहतो. एका चुकीने दोन उपकेंद्रांचे निर्देशांक पडतात. माता-बाल कार्डावर आरसीएच क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहा. आशाताईंनी पहिल्या भेटीतच ‘बाळंतपण कुठे?’ विचारावं आणि माहेरच्या गावाचं नाव, तिथल्या आशाचा नंबर कार्डाच्या मागे लिहावा. या एका नंबरने निम्मे घोळ टळतात.

फडावरून :

माहेरासारखाच प्रश्न ऊसतोडीचा, फक्त आकडा मोठा. बीड, अहिल्यानगर, जालन्याकडून टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. चार-पाच महिने.

पाठवणाऱ्या गावाने काय करावं: मुकादमाची उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) ठरली की गावात कळतं, त्या आठवड्यात यादी करा. कोयत्यागणिक, म्हणजे जोडप्यागणिक: गरोदर आहे का, पाच वर्षांखालची मुलं, बीपी-शुगर, टीबी. बाळाच्या देय लसी निघण्यापूर्वी उरका. बीपीचं औषध एमओंशी बोलून जास्त दिवसांचं द्या. क्षयरोग्याची निक्षयमधली (क्षयरुग्णांच्या ऑनलाइन नोंदीतली) बदली जिथे चालला तिथे करा आणि वाटेपुरत्या गोळ्या हातात द्या. नुसता ‘स्थलांतरित’ शेरा मारून नोंद बंद करू नका, तो रुग्ण मग कुठल्याच यादीत राहत नाही.

घेणाऱ्या गावाने काय करावं: कारखान्याच्या तळावर सकाळी दहाचं सत्र लावू नका. टोळ्या पहाटे फडात गेलेल्या असतात, कोप्यांत (झोपड्यांत) म्हातारी आणि शेळी. संध्याकाळी लावा, मुकादमाला आदल्या दिवशी सांगून. कार्ड गावाकडे राहिलं म्हणाले तर बाळ परत पाठवू नका, फोनवर तिकडच्या आशाकडून खात्री करून घ्या.

औषधखिडकी :

शिवारवाट यांनी औषधांच्या याद्यांचे आकडे दिलेत. यादीत आहे आणि कपाटात आहे यात फरक असतो, आणि त्यातला बराचसा दोष मागणीपत्राचा.

हिशेब करा. तुमच्याकडे बीपीचे १२० रुग्ण अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमवर, रोज एक गोळी. महिन्याला ३,६००. पीएचसीकडून साठा यायला महिना लागतो आणि एक महिना हाताशी ठेवायचा, म्हणजे तिमाही मागणी करताना साठ्यासकट १८,००० चा विचार हवा. बहुतेक मागणीपत्रांत गेल्या वेळी मिळालेला आकडा तसाच उतरवलेला असतो. गेल्या वेळी २,००० मिळाल्या, संपल्या, मग वीस दिवस शून्य. ई-औषधीत (औषधसाठ्याच्या ऑनलाइन नोंदीत) खप २,००० दिसतो, म्हणून पुढच्या वेळीही २,०००. तुटवडा असा स्वतःच स्वतःला कायम ठेवतो. मागणीपत्रावर खपाऐवजी रुग्णसंख्या लिहा: ‘१२० रुग्ण × ३० × ३, अधिक दोन महिने’. एमओंना ते वरच्या सभेत वाचून दाखवता येतं.

कपाटात आधी मुदत संपणारं पुढे. हे सगळ्यांना माहीत असतं, पण नवीन खोके आलं की ते पुढेच ठेवलं जातं. मागून भरा.

आणि बीपी नीट मोजा हो, निम्मे रुग्ण तिथेच तयार होतात. बसवून पाच मिनिटं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या पातळीला. आधीच्या अर्ध्या तासात चहा-तंबाखू नको. पट्टा उघड्या दंडावर, घट्ट ब्लाउजची बाही वर गुंडाळून नाही, त्या गुंडाळीनेच आकडा वाढतो. जाड दंडाला लहान पट्टा लावला तरी वाढतो. दोन वेळा घ्या, मिनिट-दोन मिनिटांच्या अंतराने. १४०/९० किंवा वर असेल तर एमओंकडे. १८०/११० किंवा वर असेल तर त्याच दिवशी, पुढच्या गुरुवारी नाही. उपचार सुरू करण्याचा निर्णय एमओंचा, पुढचं दरमहा औषध देणं आणि आकडा बघणं सीएचओचं. आकडा खाली आला म्हणून गोळी बंद करणारे सगळ्यात जास्त, त्यांना औषध देतानाच सांगावं लागतं.

चावडीवरचा :

निधीबद्दल कुणी बोलत नाही. उपकेंद्राला वर्षाचे ५०,००० मुक्त निधी, पीएचसीला १ लाख ७५ हजार, गाव समितीला १०,०००. १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसकट सगळं मोफत झालं. चांगलंच झालं, पण पीएचसीच्या हातात जी सुटी रक्कम यायची ती गेली. त्यामुळे हा निधी पूर्वीपेक्षा महत्त्वाचा, आणि तोच मार्चमध्ये परत जातो.

परत जातो कारण खात्यात पैसे नसतात, खर्चाची मर्यादा असते. ३१ मार्चला ती मावळते. ‘शिल्लक पडू द्या, पुढच्या वर्षी मोठं काम करू’ ही जुनी पद्धत आता चालत नाही.

क्रम असा: जन आरोग्य समितीची सभा (सरपंच अध्यक्ष, एमओ सहअध्यक्ष, सीएचओ सचिव), इतिवृत्तात ठराव, दरपत्रकं, खरेदी, पक्कं बिल, साठा नोंदवहीत नोंद आणि पान क्रमांक बिलावर, मग पैसे, मग विनियोग प्रमाणपत्र. लेखापरीक्षणात सगळ्यात जास्त आक्षेप एकाच गोष्टीवर निघतो, वस्तू साठा नोंदवहीत नाही. ३०० रुपयांचे सेल असले तरी नोंद करा. खर्च कशावर: बीपी यंत्राचे सेल आणि पट्टा, पाण्याची टाकी, बल्ब, पडदा, तातडीने रुग्ण हलवायचं भाडं, स्वच्छता. सत्कार, शाल, श्रीफळ यांवर नाही, सरपंचांनी कितीही आग्रह केला तरी.

दुपारची_ओपीडी :

सभा तिमाहीत नाही, पहिली एप्रिल-मेमध्येच घ्या आणि तिथेच वर्षाच्या खर्चाचा ठराव करून टाका. नंतर आचारसंहिता, पाऊस, सणवार, कोरम भरत नाही.

थुंकीनमुना :

क्षयरोगावर थोडक्यात. निक्षय पोषण योजनेची रक्कम १ नोव्हेंबर २०२४ पासून महिना ५०० ची १,००० झाली. सहा महिन्यांच्या उपचाराला ६,००० रुपये: ३,००० निदान झाल्यावर, ३,००० उपचाराचे ८४ दिवस झाल्यावर. पैसे अडकतात ते बँक खात्यामुळे. विलीन झालेल्या बँकेचा जुना आयएफएससी, आधार न जोडलेलं खातं, बंद पडलेलं जनधन खातं. पासबुकाचा पाच वर्षांपूर्वीचा फोटो घेऊ नका, रुग्णाला बँकेत एकदा १०० रुपये भरायला सांगा. भरले गेले म्हणजे खातं जिवंत.

नमुन्याबद्दल: थुंकी नको, बेडका हवा. डबी हातात देऊन ‘यात थुंका’ म्हटलं की लाळ येते आणि प्रयोगशाळा नमुना परत करते. चूळ भरायला सांगा, दोन-तीन खोल श्वास, मग जोरात खोकून छातीतून काढलेलं. उघड्यावर, खोलीत नाही. एक नमुना तिथल्या तिथे, एक सकाळी उठल्याउठल्याचा. डबीच्या अंगावर नाव लिहा, झाकणावर नाही. झाकणं बदलली जातात.

कंत्राटी_१० :

सेवेत समायोजनाचा प्रश्न कुणी काढला नाही म्हणून काढतो. १४ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने १० वर्षं सेवा झालेल्या एनएचएम कर्मचाऱ्यांना मंजूर नियमित पदांच्या ३० टक्के जागांवर सामावून घ्यायचं ठरलं. अंमलबजावणीसाठीच १९ ऑगस्ट २०२५ पासून महिनाभर संप झाला. राजकारण बाजूला ठेवा, स्वतःचे कागद तयार ठेवा: प्रत्येक वर्षाचा नियुक्ती आदेश आणि मुदतवाढ, रुजू अहवाल, दरम्यान जिल्हा बदलला असेल तर कार्यमुक्ती आदेश, मानधनाच्या नोंदी असलेलं बँक विवरण, नोंदणी परिषदेचं चालू नूतनीकरण. तांत्रिक खंड कुठे आहे ते आदेशांच्या तारखा लावून आधीच बघा. जुने आदेश तालुक्याला सापडत नाहीत, आणि ‘तुमच्याकडे प्रत असेल ना?’ असा प्रश्न उलट आपल्यालाच येतो.

समकक्ष पद हा खरा तिढा. सीएचओसारखं पद नियमित आकृतिबंधात (मंजूर पदांच्या रचनेत) नसेल तर ३० टक्के कशाचे, हे आधी सुटायला हवं.

दुपारची_ओपीडी :

तिथेच घोडं अडलंय. सिस्टर, औषधनिर्माते, प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांना निदान पद तरी आहे.

नव्या_सिस्टर :

शीतपेटी सर, एक राहिलं. काल पीएचसीतून आलेल्या कॅरियरमध्ये पॅक पूर्ण दगड होता आणि पेंटाची कुपी त्याला चिकटलेली. कुपीत बर्फ दिसत नाही. शेक टेस्ट करू का?

शीतपेटी :

सिस्टर, ती कुपी देऊ नका. वेगळी करा, ‘गोठल्याचा संशय’ लिहा, पीएचसीच्या शीतसाखळी सांभाळणाऱ्याला आजच कळवा. शेक टेस्टला त्याच कंपनीची, त्याच बॅचची दुसरी कुपी मुद्दाम गोठवून वितळवावी लागते, मग दोन्ही सारख्या हलवून सपाट जागी ठेवून गाळ किती वेगाने बसतो ते शेजारी-शेजारी बघायचं. तुलनेची कुपी नसेल तर नुसती हलवून काही कळत नाही. आयपीव्हीला तर ही चाचणी लागूच नाही. उपकेंद्रात करायचं हे काम नव्हे.

त्या कॅरियरमधल्या टीडी, पीसीव्ही आणि हिपॅटायटिस बीच्या कुप्याही सोबत परत पाठवा, फक्त चिकटलेली एकच नको. पोलिओ, बीसीजी आणि एमआरला गोठण्याने काही होत नाही, त्या व्हीव्हीएम बघून वापरा. डायल्युएंट मात्र तपासा, गोठून काचेला तडा गेलेला असतो. आणि उद्यापासून कॅरियर ताब्यात घेताना माणूस समोर असतानाच झाकण उघडून पॅक कानाशी हलवून बघा. आवाज नसेल तर सहीच करू नका.